पुन्हा उघडता येईल अशी दुरुस्ती

जुन्या मोटारगाडीवर घरी जे काम चालते त्याला मराठीत एकच नाव नाही. बिघडलेला भाग नीट करणे किंवा बदलणे ही दुरुस्ती. इंजिन किंवा गिअरबॉक्स पूर्ण खोलून, झिजलेले सगळे बदलून पुन्हा जुळवणे म्हणजे ओव्हरहॉल. गॅरेजच्या बोलीत हे ‘इंजिन बांधणे’. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी करणे याला सर्वांत जवळचा मराठी शब्द देवळांकडून आलेला आहे: जीर्णोद्धार. गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाने काळ्या पाषाणावर ऑइल पेंट चढला, कोरीव खांबांना टाइल्स लागल्या आणि जुनी फरसबंदी सिमेंटखाली गेली. देऊळ झकपक झाले, पण मूळ बांधणी कशी होती हे पुढच्या पिढीला वाचता येईनासे झाले. मोटारीच्या जीर्णोद्धारातही नेमका हाच धोका असतो.

या कामाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक संग्राहकाची: प्रत्येक भाग मूळचा हवा, रंग कंपनीच्या छटेचा हवा, बिल्ला जागच्या जागी हवा. दुसरी रोजच्या गरजेची: गाडी चालली पाहिजे, मग आत काय घातले याची चौकशी कशाला. पहिलीला दुसरी गावठी वाटते, दुसरीला पहिली श्रीमंतांची हौस. दोन्ही रीतींना एक प्रश्न सुचत नाही: आज केलेले काम उद्या दुसऱ्या माणसाला उघडता येईल का? जुन्या गाडीचे खरे मोल तिच्या चकाकीत किंवा वयात नसून पाना, पक्कड आणि डोके यांच्या बळावर ती खोलता येते, समजते आणि पुन्हा जुळते यात आहे. हा गुण जी दुरुस्ती राखते ती चांगली. जी नष्ट करते ती गाडी कितीही देखणी किंवा चालती झाली तरी वाईट.

ही कसोटी लावून पाहायला खकनारसारखी जागा सोयीची आहे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातले हे तहसिलीचे गाव. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा, म्हणजे पूर्व निमाड, जिल्ह्यातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला. जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे महाराष्ट्रातले तीन जिल्हे त्याला लागून आहेत. सातपुड्याच्या कुशीतला हा मुलूख केळी आणि कापसाचा. याच भागातल्या देडतलाईवरून रस्ता पुढे मेळघाटातल्या धारणीकडे जातो. बाजारात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी एकाच वेळी कानावर पडतात. गाडी मात्र सगळ्यांची एकच बोली बोलते: सेल्फ, डायनमो, पाटा, किट, लायनर.

अशा भागात घरोघरी ज्या जुन्या गाड्या उभ्या दिसतात त्या राजवाड्यातल्या नव्हेत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात घेतलेल्या ड्यूसेनबर्गसारख्या गाड्यांचा इतिहास निराळा. त्यांचे जतन करायला पैसा आणि जगभरचे तज्ज्ञ मिळतात. इथला विषय आहे जीप, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती ८०० यांचा. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या काळात याच घराण्यातल्या गाड्यांनी खानदेश, निमाड आणि विदर्भातली ‘काळी-पिवळी’ वाहतूक वाहिली, शेतात खते नेली आणि लग्नाची वऱ्हाडे पोचवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि १९७० च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. बंगालमधल्या उत्तरपाडा येथे १९५७ साली सुरू झालेली अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली आणि तिचे उत्पादनही २०१४ सालीच थांबले.

या गाड्यांत एवढे भाग बदललेले असतात की ‘ही तीच गाडी का?’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रश्न जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतात: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? यातले एकेक काहीच रथ नाही; सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. मोटार वाहन कायद्याने याच कोड्याचे उत्तर एका आकड्यात दिले आहे. चेसिस नंबर जिथे कोरलेला आहे ती गाडी. इंजिन बदलायचे असेल तर परवानगी घेऊन नोंद करावी लागते, रंग बदलला तरी तो नोंदवहीत चढवावा लागतो. पण चेसिस नंबर खोडला की ओळखच संपते. त्यामुळे घरी काम सुरू करताना पहिले काम पाना हातात घेण्याचे नाही. आरसी बुकातला नंबर आणि पत्र्यावरचा नंबर शेजारी शेजारी ठेवून जुळवणे हे पहिले काम. गंजाखाली नंबर दिसत नसेल तर तो ग्राइंडरने साफ करू नये. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने आणि मऊ ब्रशने हलकेच मोकळा करावा.

कायद्याच्या बाकीच्या अटी याच ओळखीभोवती फिरतात. १९८८ च्या कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते आणखी दुप्पट झाले. सीमेवरच्या तालुक्यात आणखी एक गुंता असतो. जळगावची एमएच-१९ किंवा अमरावतीची एमएच-२७ गाडी खकनारला बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून बऱ्हाणपूरचा एमपी-६८ क्रमांक घ्यावा लागतो आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. ‘आधी गाडी चालू करू, कागद नंतर बघू’ हा क्रम म्हणूनच महागात पडतो. मूळ मालक हयात नसेल, वारसांची सही नसेल किंवा जुने कर्ज कागदावर तसेच असेल, तर उत्तम बांधलेले इंजिन घेऊन गाडी अंगणातच उभी राहते.

बदलाची मर्यादा कलम ५२ मध्ये आहे. कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहाराने भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. महिंद्रा समूहाचे आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक करतानाच ती नियमात बसत नसल्याने कधीतरी रस्त्यावरून थांबवली जाईल हे सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. या घटनेत कारागिराचे कसब आणि कायद्याची अट दोन्ही खरी होती. कायद्याला कसबाशी वैर नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला गाडीच्या ब्रेकची खात्री देता यावी एवढीच त्याची मागणी आहे.

दुसऱ्या टोकाला १५ जुलै २०२१ चे ‘व्हिंटेज’ नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या बिगर-व्यापारी दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. हिशेब केला तर पहिल्या मारुती ८०० ला हा मान २०३३ साली मिळेल. मात्र अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीला सोपी जाते. सातपुड्याच्या रस्त्यांवर चाळीस वर्षे राबलेल्या जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे जी कष्टली ती वारशात बसत नाही. ‘मूळ रूप’ ही कसोटी अपुरी ठरते ती इथे: तिच्यात गाडीच्या आयुष्याला किंमत नाही, फक्त तिच्या जन्माला आहे.

उघडता येण्याची कसोटी कायद्यापेक्षा आधी पत्र्यावर लागते. जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसते. फरशीचा पत्रा सडला तर तो सोडवून तसाच दुसरा वाकवून बसवता येतो; जीपचे पत्रे बहुतेक सपाट असल्याने गावातला कारागीरही ते करू शकतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० यांना वेगळी चेसिस नाही. बॉडीच सांगाड्याचे काम करते. दाराखाली लांबवर जाणारा पत्र्याचा बंद डबा, ज्याला गॅरेजवाले ‘सिल’ म्हणतात, तो त्या सांगाड्याचा कणा. तो गंजला की गाडी मधून खचू लागते. तपासणी सोपी आहे. दार बंद असताना त्याची फट पाहावी. मग दार उघडून गाडी जॅकवर घ्यावी आणि दार पुन्हा लावून पाहावे. दार अडले किंवा फट बदलली तर कणा गेला आहे. अशा वेळी गाडी जॅकवर लोंबत असताना वेल्डिंग केले तर तो वाकच कायमचा पक्का होतो. आधी चारही बाजूंनी आधार द्यावा, दारांच्या चौकटीत आडवे पाइप ठोकावेत, मग कापाकापी करावी.

खकनारला समुद्राची खारी हवा नाही, तरीही गाड्या आतून सडतात. कारण शेतीतच आहे. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि बाजारातले नेहमीचे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक क्षारच. जीपच्या हौद्यात गोण्या वाहताना सांडलेले दाणे कोपऱ्यात बसतात, हवेतला ओलावा ओढतात आणि पावसाळाभर पत्रा खातात. गोठ्याशेजारी उभ्या गाडीला शेण-मुताचा ओलावा मिळतो. वरून रंग शाबूत दिसतो, कारण मधल्या कोणीतरी पुट्टी भरून ठेवलेली असते. फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले की ते कुठे धरत नाही ते कळते. तिथे लोखंड उरलेले नाही किंवा पुट्टीच्या जाड थराखाली दडले आहे. पुट्टी ही न उघडता येणाऱ्या दुरुस्तीचे शुद्ध उदाहरण आहे. ती गंज थांबवत नाही, झाकते. आणि पुढच्या माणसाला खोटी माहिती देते.

पाहणीनंतर कामाचा क्रम ठरतो, आणि घरची बरीच कामे इथेच फसतात. उत्साहात आधी सगळी गाडी खोलली जाते, भाग गोणीत जातात, पहिल्या पावसाळ्यात गोणीच्या तळाशी पाणी साचते आणि वर्षभरात काय कुठले हे कोणालाच आठवत नाही. किंवा उलट, आधी रंग मारला जातो आणि मग इंजिन काढताना त्यावर ओरखडे पडतात. शहाणा क्रम असा: गंज थांबवणे, ब्रेक आणि स्टिअरिंग, मग कूलिंग, इंधन आणि वायरिंग, त्यानंतर इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. एका वेळी एकच घटक खोलावा आणि तो बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. गाडी खोललेल्या अवस्थेत जितका कमी काळ राहील तितकी ती पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन सुरू करताना बॅटरी लावून सेल्फ मारणे ही सर्वांत मोठी चूक. सिलिंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असू शकतात आणि जोर लावला तर त्या तुटतात. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेलमिश्रित ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस तसेच ठेवावे आणि मग हाताने फिरवावे. जीप आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरला पुढून हँडल मारण्याची सोय असते. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूला गुंडाळायचा नसतो, बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो; इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटते आणि अंगठा वाचतो. त्याआधी एअर क्लीनर, सायलेन्सरचे तोंड आणि टाकीचे हवेचे छिद्र तपासावे. कुंभारीण माशी मातीचे घरटे करायला अशीच भोके शोधते आणि उंदरांना वायरिंगचे कव्हर आवडते.

ब्रेकच्या कामात चूक माफ होत नाही. जुन्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच ऑइल सर्किट असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल सरळ फळीला टेकते. ड्रम काढल्यावर आत जी धूळ दिसते ती फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलिंडर म्हणजे एक छोटी नळी, तिच्यात दोन पिस्टन आणि त्यांमागे रबरी वाट्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्या पाण्याने नळीच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवरून सरकताना नवी वाटीही महिन्याभरात फाटते. खड्डे नखाला लागत असतील तर किट बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा लागतो. गॅरेजमध्ये सगळे भाग एकाच डब्यात डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची सवय असते. ब्रेकच्या बाबतीत ती घातक. खनिज तेल लागले की ही रबरे फुगतात आणि ब्रेक धरून राहतात. हे भाग स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच धुवायचे. शेवटी हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. हे काम घरी शिकता येते, पण त्याची परीक्षा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात आणि गाडी भाराने भरण्याआधी झाली पाहिजे.

इंधनाचा प्रश्न नव्या काळाने आणला आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोन वर्षांत ते सर्वत्र झाले. इथेनॉल पाणी शोषते. रोज चालणाऱ्या गाडीत पाणी साचायला वेळ मिळत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल तळाशी उतरून पत्र्याला गंज चढतो. जुन्या पाइपांचे रबर आणि कॉर्कचे गॅस्केट मऊ पडतात. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापते, म्हणून जेट थोडा मोठा लागू शकतो. इथे कसोटी पुन्हा उपयोगी पडते. इथेनॉल सोसणारा नवा पाइप क्लिपने बसवला तर तो मूळचा नसला तरी उद्या काढता येतो. गळकी टाकी आतून रेझिन ओतून बंद केली तर तो शेवटचा उपाय ठरतो.

अशाच रीतीने प्रत्येक बदल तोलता येतो. पॉइंट आणि कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवणे योग्य, जर डिस्ट्रिब्युटरला नवे भोक पाडावे लागत नसेल आणि जुने पॉइंट डब्यात जपून ठेवले असतील. हेडलाइटला रिले लावणे योग्य, जर वायर त्याच रंगाची आणि फ्यूजमधून नेलेली असेल. काळी टेप गुंडाळून केलेला जोड अयोग्य, कारण तो कुठून कुठे जातो हे फक्त जोडणाऱ्याला माहीत. डिझेल इंजिन बसवण्यासाठी चेसिसचा आडवा पट्टा कापणे अयोग्य. मूळ जागी बोल्टाने बसणारा माउंट बनवून, परवानगी मिळाली तर नोंद करून बसवणे मात्र कायद्यात आणि या कसोटीत दोन्हीकडे चालते. जुगाडाचा बचाव करणारे म्हणतात की त्याच्यामुळेच गाड्या जगल्या, आणि ते खोटे नाही. पण जुगाड एका माणसाच्या डोक्यात राहतो. तो मिस्त्री गाव सोडून गेला की गाडी मुकी होते. नव्या गाड्यांची सीलबंद मॉड्यूल्सही तशीच मुकी असतात. सीलबंद भाग बदलायला कंपनी लागते, जुगाड समजायला मिस्त्री लागतो, परावलंबन तेच.

सुट्या भागांचा बाजारही याच तत्त्वावर उभा आहे. पद्मिनीचे भाग इतकी वर्षे मिळत राहिले याचे कारण हौशी मालक नव्हेत, मुंबईच्या टॅक्सी. हजारो टॅक्सींना रोज क्लच प्लेट आणि लायनर लागत, म्हणून ते बनत. २००३ सालच्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली; यापुढे भाग मिळतील ते साठ्यातले आणि भंगारातले. मात्र गाडीतला बराच भाग कंपनीचा नसतोच. ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७ आणि जाडीला १४ असते, मग ते जीपमध्ये असो वा केळीच्या बागेतल्या पंपाच्या मोटरीत. ऑइल सीलही मापाने मिळते. जुना भाग घेऊन ‘पद्मिनीचे द्या’ म्हणण्यापेक्षा व्हर्नियरने मोजून क्रमांक सांगितला तर तो बऱ्हाणपूरच्या बेअरिंगच्या दुकानातही सापडतो. बऱ्हाणपूर यंत्रमागांचे शहर आणि त्याच जिल्ह्यातल्या नेपानगरला १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेली न्यूजप्रिंटची गिरणी. अशा ठिकाणी लेथवरचे काम नवे नाही. बुश, पिन, पुली, ड्रमची घासाई ही कामे लेथवर होतात. काच, दारांची रबरे आणि कमानीचे पाटे मात्र तिथे होत नाहीत. ते मिळाल्याशिवाय गाडी खोलू नये.

पान्यांचीही हीच कथा. पद्मिनीचे नट मिलिमीटरचे. जीप आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे बहुतेक इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो, पण ढिला. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय तो निघत नाही. इंची पान्यांचा एक संच हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

घरी काय करावे आणि काय करू नये याची रेषाही इथूनच आखता येते. ब्रेकची किट, होज पाइप, फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट, वायरिंग, कार्बोरेटर, शॉक अब्सॉर्बर, सीट ही घरची कामे. ती उलट करता येतात आणि चूक दिसते. बोअर करणे, क्रँक घासणे, डिझेल पंप लावणे ही यंत्र असलेल्याची कामे. सिलचे आणि चेसिसचे वेल्डिंग हे जाणकाराचेच काम. स्टिअरिंगचा भाग तर वेल्ड करूच नये, बदलावा. जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नये, बंद पडवीत इंजिन चालवू नये आणि काढलेले ऑइल विहिरीच्या किंवा नाल्याच्या वाटेला जाऊ देऊ नये.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला पैशाचा: इतक्या खर्चात चांगली सेकंडहँड गाडी येते. हे बहुतेक वेळा खरे आहे आणि ते मान्यच केले पाहिजे; घरचा जीर्णोद्धार गुंतवणूक म्हणून करू नये. दुसरा प्रदूषणाचा: कार्बोरेटरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचा धूर दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा घातक असतो. हेही खरे; पण एकूण धूर किलोमीटरवर ठरतो. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या पद्मिनीचा हिशेब आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या काळ्या-पिवळीचा हिशेब एकच नाही. दुसरी बदलली पाहिजे, पहिलीला तो नियम लावण्याचे कारण नाही. दिल्ली परिसरात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई कायम केली ती तिथल्या हवेमुळे. खकनारच्या हवेचा प्रश्न तो नव्हे. तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सर्वांत वजनदार. जुन्या गाडीत एअरबॅग नाही, पुढचा पत्रा धक्का शोषत नाही, बऱ्याच गाड्यांना मागे पट्टे नाहीत. दुरुस्तीने हे बदलत नाही. म्हणून अशी गाडी महामार्गाच्या वेगाने चालवायची नसते आणि तिच्यात मुले कोंबायची नसतात.

उरतो तो ज्ञानाचा प्रश्न. या गाड्यांची मॅन्युअल्स इंग्रजीत होती आणि वाचणारे थोडे होते. शिकणे झाले ते गॅरेजात पोऱ्या म्हणून राबताना, हाताखाली आणि ऐकीव. ते ज्ञान लिहिले गेले नाही. घरी काम करणारा माणूस मिस्त्रीपेक्षा एका बाबतीत मोकळा असतो: त्याला घाई नसते. त्याने एक वही ठेवली तर मिस्त्रीला जे जमले नाही ते तो करतो. वहीत गाडीचे दोन्ही नंबर, खोलताना काढलेल्या फोटोंच्या तारखा, बदललेल्या प्रत्येक बेअरिंग-सीलचा क्रमांक, कोणती वायर कोणत्या रंगाने बदलली, कुठे वेल्डिंग झाले आणि का, कोणता मूळ भाग कोणत्या डब्यात ठेवला, ऑइल किती किलोमीटरवर बदलले एवढे हवे. वेल्डिंगसारखे जे काम उलट करता येत नाही ते किमान या नोंदीमुळे वाचता येते. गाडी विकली किंवा पुढच्या पिढीकडे गेली की ही वही आरसी बुकाबरोबर जायला हवी.